कंबरमोडी, चांदी आणि वऱ्हाडातले पाच दिवस

पुण्यात कुणाला सांगितलं की मी अमरावतीला चालले, की समोरचा माणूस एकदम आवाज खाली आणतो. त्या वर्षांत वर्तमानपत्रात वऱ्हाड यायचं ते एकाच बातमीतून, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या. ती बातमी सगळ्यांनी इतक्यांदा वाचलेली की आमच्याकडे संत्री पिकतात, लग्नं लागतात, पोरं नापास होऊन बापाच्या शिव्या खातात, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. माझ्या शेजारणीने तर निघताना माझ्या हातात बिस्किटांचे चार पुडे ठेवले. मी कुठल्या छावणीत चालले आहे असं तिला वाटलं असावं. मी पुडे घेतले, कारण तिला समजावत बसायला वेळ नव्हता.

मी चालले होते चांदीच्या कामाने. दागिन्यांच्या नव्हे. हे जरा फोडून सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

चांदीचा एक क्षार असतो. तो पाण्यात पूर्ण विरघळतो, पाणी दिसायला पाण्यासारखंच राहतं. त्यात एखाद्या झाडाच्या पानांचा काढा हळूहळू सोडला, की पाणी आधी पिवळसर आणि मग कोऱ्या चहासारखं होत जातं. पाल्यातल्या द्रव्यांनी चांदीचे कण बांधलेले असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. यांना नॅनोकण म्हणायचं. जंतू मारायला ते पटाईत, पण जंतूला मारणारी वस्तू माणसाच्या पेशीलाही मारू शकते, म्हणून ती तपासावी लागते. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही कातडीच्या पेशी प्लास्टिकच्या इवल्या वाट्यांत वाढवतो. त्यांवर कण घालायचे, एक दिवस थांबायचं, मग एक पिवळा रंग टाकायचा. पेशी जिवंत असल्या तर तो जांभळा होतो. मेल्या असल्या तर पिवळाच राहतो.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी शिकले, तिथेच नसरीन नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. ती चांदीचे कण बनवायची कंबरमोडीच्या पाल्यापासून. कंबरमोडी म्हणजे बांधावरची ती खुरटी पिवळ्या-पांढऱ्या फुलांची वनस्पती, विळा लागला की जिचा पाला चुरगळून रस पिळतात. नसरीनने तिचे कण तपासायला माझ्याकडे पुण्याला पाठवले. वाट्या सुरेख जांभळ्या झाल्या. जंतू मरतात आणि पेशी जगतात, म्हणजे जखमेवरच्या मलमाला याहून काय पाहिजे. पण मी तिच्याच कृतीने, पुण्याच्या बांधावरची कंबरमोडी आणून, माझ्या हाताने कण बनवले, तेव्हा वाट्या पिवळ्या राहिल्या. तीनदा केलं, तीनदा पिवळ्या.

आमचे एक वरिष्ठ म्हणाले, "मुलीने बाटलीत नुसता काढा भरून पाठवला असेल. अशा कॉलेजांतून चालतं हे."

"अशा कॉलेजांतून" हे मला झोंबलं. तिचा प्रबंध दोन महिन्यांत द्यायचा होता. पेशींचा अहवाल माझ्या सहीने जाणार होता, आणि मी "पुन्हा केल्यास असं घडत नाही" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तिची पाच वर्षं मातीत गेली असती. मी रजा टाकली आणि तिकीट काढलं. तिच्या शेजारी उभं राहून, ती कसं करते ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची, असं ठरवलं होतं.

आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. कृती मुळात माझीच होती. आठ वर्षांपूर्वी त्याच खोलीत, त्याच कंबरमोडीवर मी काम केलं होतं. त्याचा निबंध बाहेरच्या देशातल्या नियतकालिकात छापून आला आणि त्या निबंधाच्या जोरावर मला पुण्याची नोकरी लागली. पुण्याला आल्यावर मी वेगळ्या कामाला लागले, त्या वाटेला परत गेले नाही.

अमरावती

पहाटे गाडीतून उतरले तेव्हा थंडी बोचत होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठी जाचं बाई?" आणि माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. पुण्यात मला कुणी असं सरळ विचारत नाही. तिथे आधी "बोला" म्हणतात आणि मग ऐकत नाहीत.

राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला. न खाल्लेल्यांसाठी सांगते: उडदाचा मऊ वडा, वर पातळ दही आणि त्यावर लाल-हिरव्या चटण्या ओतलेल्या. पुण्यातला दहीवडा हा याचा शिकलेला, मुंज झालेला भाऊ. विद्यार्थिनी असताना आम्ही तिघी मिळून एक प्लेट घ्यायचो आणि शेवटच्या घासावरून भांडायचो. आता एकटीने अख्खी प्लेट संपवली, तर ती तेवढी गोड लागली नाही.

कॉलेजची खोली तशीच होती. लाकडी टेबलावरचे ॲसिडचे डाग मी ओळखले, त्यातला एक माझा. पंखा फिरताना तसाच कुरकुरत होता, आणि मी आत पाऊल टाकताच बंद पडला.

"लाइन गेली," सर म्हणाले. "तुह्या पायगुणानं."

सर म्हणजे माझेही मार्गदर्शक आणि आता नसरीनचेही. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. अजून चहा बशीत ओतून पितात. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमचं सगळं वेळापत्रक महावितरणच्या हातात असायचं. वीज गेली की आम्ही काचेचे चंबू घेऊन गच्चीवर पळायचो आणि कठड्यावर उन्हात मांडायचो. वऱ्हाडचं ऊन फुकट आणि बिनभरवशाचं अजिबात नाही. तासाभरात पाणी तपकिरी व्हायचं. पुण्याला या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात. मीही हसते, पण तेवढं सुख मला नंतरच्या महागड्या यंत्रांनी दिलेलं नाही.

नसरीन उंच, सडसडीत, बोलायला धीट. दुपट्ट्याचं टोक पांढऱ्या कोटात खोचलेलं. तिने माझ्यासमोर वही ठेवली. पाच वर्षांच्या नोंदी, एकही खाडाखोड लपवलेली नाही.

"ताई, तुमाले वाटत असन मी काही गडबड केली," ती म्हणाली. "काढा पाठवला वगैरे."

"मला नाही वाटत. पण मी तीनदा केलं आणि तीनदा पेशी मेल्या."

"मंग आपण दोघी संगं करू. एकाच झाडाची पानं घेऊ. तुमच्या डोळ्यासमोर तोडतो, तुमच्या डोळ्यासमोर धुतो, वाळवतो, उकळतो. मंग जे निंघन ते निंघन."

मला ती त्याच क्षणी आवडली. अडचण एवढीच होती की पाऊस नीट न झाल्याने खालच्या बांधांवर सगळं करपलेलं होतं. हिरवी कंबरमोडी पाहिजे तर चिखलदऱ्याला जावं लागणार होतं. सरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जा दोघी. मीबी आलो असतो, पण घाटात मले उलट्या होतात."

चिखलदरा

परतवाड्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. जीपमध्ये दहाची जागा, आम्ही सतरा. सपाटीवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढीच राहून वाळली होती, आणि तूर मात्र तग धरून उभी होती. घाट लागला आणि हवा बदलली. साग मागे पडला, दरीतून धुकं वर यायला लागलं, आणि जीपमधली बडबड आपोआप थांबली.

वर कॉफीची झाडं आहेत हे सांगितलं तर पुण्यातले लोक विश्वास ठेवत नाहीत. आहेत. चांगली घमघमीत कॉफी मिळते, फक्त ती देणारा बाबा तीत चहाएवढी साखर घालतो आणि तक्रार केली तर आपल्यालाच समजावतो. मी दोन पेले प्याले.

कंबरमोडी एका उतारावर भरपूर सापडली. आम्ही वाकून खुडत होतो. तिथे सरपण वेचणारी एक कोरकू बाई आली, डोक्यावरची मोळी न उतरवता उभी राहिली आणि बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिली.

"इसका क्या करते?" तिने विचारलं.

नसरीनने सांगितलं की याचं आणि चांदीचं मिळून जखमेवरचं औषध करतो.

"घाव तो पत्ते से ही भर जाता. चांदी काय को?"

नसरीन हसली. तिने सांगितलं की पाल्याचा रस तासाभरात सुकून जातो, चांदी टिकते, आणि पिकलेल्या जखमेतले जंतू मारते. कपाशी वेचणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडाची टोकं लागून चिरा पडतात, त्या पिकतात, तिथे ते लावायचं. बाईने ऐकून घेतलं.

"अपने को तो नहीं मारती ना?" ती म्हणाली.

आमच्या संपूर्ण क्षेत्रात गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न लाख शब्दांत विचारला जातो आहे. नसरीनने माझ्याकडे पाहिलं. मी पानं खुडत राहिले. बाई उत्तराची वाट न बघता उतरून गेली.

एवढ्यात माकडांनी आमच्या पिशव्यांवर धाड घातली. पाल्याच्या पिशवीचा त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं करून ती फेकून दिली. शेजारणीचे बिस्किटांचे चारही पुडे मात्र नेले. ते पुडे वऱ्हाडातल्या गरजूंपर्यंत पोचले, असं मी तिला नंतर सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं.

अकोला, जुने शहर

पाला ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघालो. अमरावतीच्या वसतिगृहात पाणी एक दिवसाआड येई आणि तेही जेमतेम आंघोळीपुरतं. तिथे पाला धुणं, वाळवणं कुठलं. म्हणून पहिल्यापासून नसरीन पाला अकोल्याला घरी आणायची, घरी धुवायची, गच्चीवर वाळवायची आणि डब्यात भरून परत न्यायची. मी म्हटलं, मग घरीच जाऊ, एकही पायरी सोडायची नाही.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर कुणीतरी एकाने ओट्यावर चढायचं. नसरीनचे अब्बा पूर्वी चांदीचा वर्ख कुटायचे. मिठाईवर लावतात तो. कातडी पानांच्या वहीत चांदीचे तुकडे घालून हातोडीने दिवसभर कुटत राहायचं, तेव्हा कुठे फुंकरीने उडेल असा पत्रा होतो. या गल्लीत एके काळी आठ घरांतून तो ठोका ऐकू यायचा, असं ते म्हणाले. आता यंत्राचा वर्ख बाहेरून येतो. अब्बा तोच विकतात, आणि शिवाय अगरबत्ती, मेंदी, सुपारी.

"बेटी भी चांदी कूटती है," ते मला म्हणाले. "हमसे भी बारीक. दिखती ही नहीं."

"अब्बा, हम कूटते नहीं, उगाते हैं," नसरीन म्हणाली.

"एकच हाय. मैंने ज़िंदगीभर लोगों को चांदी खिलाई, किसी को कुछ नहीं हुआ. और ये कहती है चांदी से लोग मर सकते हैं."

मी त्यांना सांगितलं की पत्र्याची चांदी पोटातून आली तशी निघून जाते, पण कण जितका बारीक तितकी त्यातून चांदी सुटते आणि पेशीत शिरते. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. मला माझ्या वडिलांची आठवण झाली. तेही माझं सगळं ऐकून घेत आणि शेवटी "बरं" म्हणत.

आतल्या अंगणात नसरीनच्या अम्मीने घमेलं भरून ठेवलं होतं. नसरीनने मावेल तेवढा पाला त्यात सोडला, खळबळून काढला, पाणी बदललं आणि दुसऱ्या पाण्यात भिजत ठेवला. "घंटाभर राहू द्याचा. माती सारी सुटते," ती म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं. सगळं अगदी माझ्या कृतीप्रमाणे चाललं होतं.

अम्मीने चुलीवर तुरीची डाळ चढवायला घेतली होती. मला वाटलं आपणही हातभार लावावा. मी पाल्याची एक जुडी उचलली आणि शेवटचं एकदा विसळायला म्हणून कोपऱ्यातल्या झाकलेल्या हंड्यात तांब्या बुडवला. अम्मीने माझं मनगट धरलं.

"उसमें से नहीं बेटी. वो दाल का पानी है."

मी तांब्या सोडला. कान तापले. मी पूर्णाकाठच्या गावची, खारपाणपट्ट्यात जन्मलेली. आमच्या घरी मी अशी चूक केली असती तर आईने पाठीत धपाटा घातला असता. आमच्याकडे पाणी दोन असतं. विहिरीचं, बोअरचं ते खारं: धुण्याला, भांड्याला, आंघोळीला. आणि लांबून आणलेलं किंवा चार दिवसांनी नळाला आलेलं ते गोडं: प्यायला आणि डाळीला. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तासभर उकळली तरी दाणा दाणा वेगळा. पुण्यात पंधराव्या मजल्यावरही नळ सोडला की एकच पाणी येतं, आणि मी ते विसरून गेले होते.

मी अम्मीची माफी मागितली आणि ओट्यावर बसले. मग हळूहळू डोक्यात काहीतरी सरकलं. मी नसरीनला विचारलं, "मागच्या वेळचा वाळलेला पाला आहे?" तिने डबा आणून दिला. मी एक पान जिभेवर ठेवलं.

कंबरमोडी कडवट असते. हे पान खारट होतं.

मी डबा तिच्याकडे दिला. तिनेही एक पान तोंडात टाकलं. ती माझ्याकडे बघत हळूहळू चावत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. चांदीच्या क्षाराचं पाणी आणि मीठ एकत्र आलं की काय होतं, हे अकरावीच्या मुलालाही शिकवतात. पांढरा साका बसतो. चांदी मिठाशी लग्न लावून तळाला जाऊन बसते.

"साका तं येतच होता ताई," ती म्हणाली. "मले वाटलं पाल्याचा गाळ हाय. तुमच्या निबंधात लिहिलंय, गाळ गाळून घ्यावा. मी गाळून टाकत होती."

म्हणजे बहुतेक चांदी गाळणकागदावर राहून कचऱ्यात जात होती. बाटलीत उरत होता काढा आणि किरकोळ चांदी, जंतूंना पुरेल एवढी. काढ्याचा रंगही तपकिरीच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. माझ्या पेशी जगल्या त्या कंबरमोडीच्या पुण्याईने नव्हे, तर त्यांच्यापर्यंत पुरेशी चांदी पोचलीच नव्हती म्हणून. पुण्यात मी पाला नळाच्या गोड्या पाण्यात धुतला, तेव्हा ती पोचली आणि पेशी मेल्या.

अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. "नमक की और चांदी की नहीं बनती," ते म्हणाले. "हमारे वालिद कुटाई के टाइम पसीने का हाथ भी नहीं लगाने देते थे. मुझसे पूछ लेती."

त्या दिवशी डाळ, भात आणि कोथिंबिरीची, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराची वडी होती. डाळ लोण्यासारखी मऊ शिजली होती. अम्मीने मला तीनदा वाढली. नसरीनने ताटात बोटं फिरवली आणि उठली.

परत अमरावती

आम्ही पाल्याचे दोन वाटे केले होते. एक अकोल्याला खाऱ्या पाण्यात धुतलेला, दुसरा घमेल्यात न मावलेला, तो गोड्या पाण्यात धुऊन घेतला. कॉलेजात दोन्हींचे काढे केले आणि दोन चंबू शेजारी शेजारी ठेवले. गोड्या पाण्याचा चंबू स्वच्छ सोनेरी होत गेला. खाऱ्याचा दुधासारखा गढूळ झाला आणि तळाला पांढरं बसलं. ते पांढरं आम्ही काचेवर पसरून गच्चीवर उन्हात ठेवलं. अर्ध्या तासात ते जांभळट, मग राखेसारखं काळपट झालं. चांदी आणि मीठ, दुसरं काही नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, कारण मुलगी प्रामाणिक होती हे सिद्ध झालं होतं.

सरांनी सगळं पाहिलं.

"नसरीन," ते म्हणाले, "बाटलीतलं जे तू पाठवलं थे पेशीले मारत नाही, हे तं खरं हाय ना? तेवढंच लिही. पाणी कोणतं, हे कोण विचारून राहिलं? मी जातो उन्हाळ्यात. मंग तुले नवा गाइड, नवी समिती. आणखी दोन वर्षं जातीन."

सर वाईट माणूस नाहीत. तिच्या भल्यासाठीच म्हणत होते.

"नाही सर," नसरीन म्हणाली. "उद्या कोणी हे वाचून चांगल्या पाण्यात करन, अन् पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईच्या बोटाले लावन. तिची कातडी जाईन. मी पाण्याचंच लिहितो. खाऱ्या पाण्यानं असं होते, गोड्यानं तसं. तोच माहा प्रबंध."

"अन् समितीनं वंदनाचा निबंध तुह्या समोर ठेवला तं?" सरांनी विचारलं. वंदना म्हणजे मी. "तिचा छापील हाय. तिनं शुद्ध पाण्यात पानं धुतली अन् पेशी जगल्या, असं लिहिलंय तिनं. तू म्हणतं शुद्ध पाण्यात मरतात. लोक छापलेलं खरं मानतीन का तुहं?"

हे खरं होतं. माझ्या निबंधात "पाने शुद्ध पाण्याने स्वच्छ धुतली" असंच वाक्य होतं. सगळ्यांच्या निबंधात असतं. मी दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधातून उचललं, नसरीनने माझ्यातून. जोवर ते वाक्य तसं उभं होतं, तोवर तिची पाच वर्षं खोटी ठरत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात आरोप अजिबात नव्हता.

"ताई, तुमी पानं कुठं धुतली होती?"

मी दोन चंबूंकडे पाहत होते. मला आमचं अंगण दिसत होतं, दोरीच्या बाजेवर पसरलेला पाला दिसत होता. मला नोकरी दिसत होती, तो छापील कागद काचेत बसवून टेबलाच्या मागे लावलेला दिसत होता.

"आता नीट आठवत नाही गं," मी म्हणाले.

ती "बरं ताई" म्हणाली आणि चंबू धुवायला घेऊन गेली. मला स्टेशनवर सोडायलाही आली. गाडी हलताना तिने खिडकीतून संत्र्यांची पिशवी दिली. रात्रभर ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले आणि एकही संत्रं सोललं नाही. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

पुणे

आई आता माझ्याकडेच असते. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. मी बॅग ठेवली आणि तिच्याजवळ बसले. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"आई, मी पीएच.डी. करत होते तेव्हा कंबरमोडी तूच धुवायचीस ना? कोणत्या पाण्यात गं?"

"धुवाच्या पाण्यात," ती म्हणाली.

"म्हणजे विहिरीच्या."

"मंग. पिवाचं पाणी मी दोन कोसावरून डोक्यावर आणो. थे तुह्या पानाईवर ओतलं असतं तं तू काय पेली असती?" तिने मान वर केली. "काहून? काही चुकलं का माहं?"

"तुझं नाही," मी म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिने मेथीच्या हातानेच माझी पाठ थोपटली. तिचं मात्र खरंच काही चुकलं नव्हतं. तिने मला पुरेल तेवढं गोडं पाणी पाजलं होतं.

मग मी तिथे बसूनच फोन लावला.

"पोचल्या का ताई?" नसरीन म्हणाली.

"आमच्या विहिरीवर धुतली होती," मी म्हणाले. "खाऱ्या पाण्यात. माझा निबंध चुकलेला आहे. मी तो मागे घेते आहे, तसं पत्र आजच पाठवते. त्याची प्रत तुझ्या समितीला देते, माझ्या सहीने. काल मी तुला खोटं बोलले."



"मले माहीत होतं ताई," ती म्हणाली. "तुमचं गाव पूर्णाकाठचं हाय ना. मी तुमच्या फोनाचीच वाट पाहून राहिली होती."